पत्रांचा डबा

घरातली कुठलीही बातमी मी आजही सगळ्यांना एकदम सांगत नाही. आधी एकालाच सांगते आणि मग गप्प बसून बघते, ती कोणत्या दारानं बाहेर पडते ते. भावजयीला एक सांगायचं, मावसबहिणीला तेच थोडं फिरवून सांगायचं, आणि फोनवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन्हींतलं कोणतं उगवतं याची वाट बघायची. माझी लेक म्हणते, "आई, तू पोलिसांत जायला पाहिजे होतंस." नवरा म्हणतो, "हिला कोणी नमस्कार केला तरी ही आधी त्याचे हात तपासते." म्हणू द्या. मी जन्मापासून अशी नव्हते. लहानपणी माय मला खुळं कोकरू म्हणायची, कारण कोणी काहीही सांगितलं तरी मला ते खरंच वाटायचं. ते कोकरू एका उन्हाळ्यात गेलं. त्या उन्हाळ्याबद्दल आमच्या घरात कोणी तोंड उघडत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे, भाड्याच्या घरात राहत होतो. पुढची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकघर आणि वर गच्ची. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. हसनाबादच्या बौद्धवाड्यातून शिकून शहरात स्थिरावलेला माणूस, त्यामुळे दवाखान्याला म्हणा, कचेरीला म्हणा, गावाकडचं कोणी ना कोणी आमच्याकडं उतरलेलं असायचंच. माय त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत राहायची. सकाळी जाग यायची ती त्या थापण्याच्या आवाजानं. मग स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे, मग एमआयडीसीकडं जाणारे टेंपो माणसं कोंबून निघायचे, आणि उन्हं तापली की कूलरचा पंखा खडखडायला लागायचा. त्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्यापाशी बसून कावळे हाकलायची आणि ओल्या कुरडईचा चीक खायची, मायची नजर चुकवून. बी.एस्सी. झालेली मुलगी, पण घरात बसलेली, म्हणजे लोकांच्या हिशेबात रिकामटेकडी. त्या घरात आणखी एक आवाज होता, तो मात्र गल्लीत दुसऱ्या कोणाकडंच नव्हता. पुढच्या खोलीतला फोन वाजायचा, आपोआप उचलला जायचा आणि कोंबडीची मान पिळल्यासारखा चिरकायचा. माय दर वेळी म्हणायची, "आलं बाई तुमचं भूत."

हे भूत दादाच्या नोकरीनं आणलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ प्रशांत. तो एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीच्या प्लांटवर होता. मालकांना सगळे शेठजी म्हणायचे, मीही तेवढंच लिहिते. शेठजींना नव्या गोष्टींचा सोस भारी. इंटरनेट हा शब्द आमच्याकडं अजून पोचायचा होता, पण त्यांनी कुठंतरी ऐकलं की फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला कॉम्प्युटर जोडता येतो, आणि एका कॉम्प्युटरवर सगळ्यांनी चिठ्ठ्या ठेवायच्या, सगळ्यांनी येऊन वाचायच्या. त्याला बोर्ड म्हणायचे. शाळेतल्या सूचनाफलकासारखंच, फक्त हा फलक फोन लावून वाचायचा. सगळ्यांसाठीच्या चिठ्ठ्या वेगळ्या, आणि एखाद्याच्याच नावाची खाजगी चिठ्ठी असली तर ती त्यालाच दिसायची. शेठजींनी आपल्या मोठ्या डीलरांकडं आणि बीजोत्पादनाचे प्लॉट, म्हणजे खास बियाण्यासाठी पिकवलेली वावरं, सांभाळणाऱ्या गावोगावच्या माणसांकडं एकेक जुना कॉम्प्युटर ठेवला. मुख्य कॉम्प्युटर आमच्या पुढच्या खोलीत आला, कारण लाइट गेली की तो परत चालू करायला दिवसभर घरात कोणीतरी लागायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. दादा प्लांटवर, बोर्ड माझ्या ताब्यात. मालकीणच म्हणा ना. मुख्य पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक होता, आणि त्यानं कोणाचंही खाजगी पत्र उघडता यायचं. दादानं बजावलं होतं की उघडायचं नाही, आणि मी उघडत नव्हते. यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, आता तुम्ही ठेवा अगर ठेवू नका.

शहरातल्या डीलरांची लाइन बरी होती, ते फोन जोडून आरामात बोर्डावरच वाचत बसायचे. त्यांतले मोठे म्हणजे कदमकाका. स्टेशन रोडला त्यांचं दुकान, शेठजींचा उजवा हात, आणि बोलघेवडे इतके की सुतळी आणायला गेलेलं माणूस त्यांच्या मुलाच्या मार्कांसकट परत यायचं. खेड्यांतल्या लाइनी मात्र रामभरोसे. अर्धं वाचून होतंय तोवर फोन तुटायचा. म्हणून दादानं पुण्याच्या एका मित्राकडून फ्लॉपीवर दुसरा एक प्रोग्राम आणला. त्याचं काम एवढंच की खेड्यातल्या माणसानं फोन लावला की त्याच्यासाठीची सगळी पत्रं गोळा करायची, दाबून एका पुडक्यात भरायची आणि झटकन त्याच्याकडं पाठवायची. त्यानं फोन ठेवून द्यायचा, पत्रं आपल्या घरी निवांत वाचायची, उत्तरं लिहायची आणि पुन्हा फोन लावला की तसंच पुडकं परत धाडायचं. दादा त्याला पॅकेट म्हणायचा. मायनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी डबाच की. इथं भरायचा, वावरात नेऊन खायचा." तेव्हापासून आमच्या घरात डबाच.

बोर्डाचा प्रोग्राम एकानं लिहिलेला, डबा भरणारा दुसऱ्यानं. दोघांचं जमायचं नाही. सख्ख्या जावा बऱ्या, निदान तोंडावर भांडतात. हे दोघं गुपचूप घोळ घालायचे. बोर्डावर पत्राचा विषय पूर्ण दिसायचा, डब्यात तो अर्धाच पोचायचा. 'हसनाबाद प्लॉटची तपासणी अमुक वारी' असं लिहावं तर 'हसनाबाद प्लॉटची तपासणी' एवढंच जायचं आणि वार इथंच राहायचा. मी दादाला म्हटलं, तर तो म्हणाला, "डब्यात तेवढीच जागा हाय त्या रकान्याला. पंचवीस अक्षरं. पुढचं कापतं. वार पत्राच्या आत लिहीत जा." मी आत लिहीत गेले. त्या रकान्याशेजारी आणखीही रकाने असतील आणि तेही कापले जात असतील, हे मला सुचलं नाही, आणि त्यालाही नाही.

पेरणीच्या आधी बियाण्याच्या धंद्यात सगळ्यात मोठं गुपित एकच असतं, यंदा प्लॉट कोणत्या गावात द्यायचे. कपाशीचं नवं वाण, त्याचं नर-मादी बियाणं, ज्या गावात जाईल त्या गावाला हंगामभर काम. त्या वर्षी शेठजींच्या मनात हसनाबादचे प्लॉट काढून दुसऱ्या तालुक्यात हलवायचं होतं. हे त्यांनी फक्त कदमकाकांना कळवलं, बोर्डावरून, खाजगी पत्रानं. आणि दोन-चार दिवस जातात न जातात तोच हसनाबादहून जीप भरून शेतकरी शेठजींच्या ऑफिसात. "प्लॉट काढून घेऊ राह्यले म्हणे आमचे. कामून? आमचं चुकलं काय?" शेठजी खुर्चीतून उठलेच. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्यांचा पुढारी शांतपणे म्हणाला, "तुमीच तर कळवलं." शेठजींना वाटलं, हा माणूस तोंडावर आपली टिंगल करतोय. त्यांनी जीप हाकलून दिली आणि दादाला बोलावून घेतलं.

दादा त्या दिवशी दुपारीच घरी आला. मायनं पिठलं-भाकरी वाढली, वर ठेचा. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. शेठजींनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "प्रशांत, तुमचं गाव हसनाबादच ना?" आणि तिथं बसलेल्या कोणीतरी पुस्ती जोडली होती की, ह्या लोकांच्या घरात मशीन ठेवायचीच कशाला. दादानं हे सांगितलं तेव्हा अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'ह्या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अण्णांनी सारी उमर शहरात एका पैशावरूनही कोणाला आपल्याकडं बोट दाखवू दिलं नव्हतं. शेठजींनी रविवारपर्यंत मुदत दिली होती. फोडणारा सापडला नाही, तर मशीन उचलून नेणार, दादाची नोकरी जाणार, आणि कशामुळं गेली ते मोंढ्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना कळणार.

हे सगळं सांगून झालं आणि दादानं माझ्याकडं बघितलं. "सुजे, खरं सांग. गावाकडलं कोणी आल्तं ना मागल्या आठवड्यात? त्यांच्यापाशी काही बोलली का तू?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं. "मी? मी पत्रं उघडतसुद्धा न्हाई."

"मी उघडली न्हाईत. मंग राह्यलं कोण?"

"तू उघडली नाहीस हे तुझं तू सांगितलं की खरं, आणि मी सांगितलं की खोटं?"

अण्णांनी मान वर केली नाही. माय म्हणाली, "अगं, त्यो विचारू राह्यला तेबी बराबर हाये. तुला बोलायची सवय. निघालं असंल तोंडातनं." माझी माय! जिच्या कुरडयांवरचे कावळे मी हाकलत होते, ती. मी ताट तसंच ठेवून गच्चीवर गेले आणि रडले, आणि मला आजही त्यात काही कमीपणा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर गेल्यावर मी कॉम्प्युटरपाशी बसले. लाइट जाऊन आली होती. बोर्ड चालू केला, मुख्य पासवर्ड घातला. चुकीचा. मला वाटलं बोट घसरलं. परत घातला. चुकीचा. त्यानं पासवर्ड बदलला होता आणि मला सांगितला नव्हता. निघताना माझ्याच हातचा चहा पिऊन गेला होता, "येतो गं" म्हणून गेला होता, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मी त्या पडद्यासमोर बसून राहिले. फोन वाजला, चिरकला, कोणीतरी आपला डबा घेऊन गेलं. माझ्या घरात, माझ्यासमोर.

तिथून माझ्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो आजतागायत. मग मी कोणालाच सोडलं नाही. दादानंच फोडलं असेल आणि नाव माझ्यावर ढकलत असेल. अण्णांनी गावाच्या मायेपोटी फोडलं असेल. माय निरक्षर, पण कशावरून? टेलिफोन खात्याचा माणूस तार दुरुस्त करायला आला होता, तो खांबावर जरा जास्तच वेळ होता. समोरच्या वहिनी आमच्या घरात फोन चिरकला की खिडकीत येतात त्या काय उगीच? शेवटी मी कदमकाकांवर येऊन थांबले. पत्र त्यांना आलं, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, मग आणखी कोण? पण शेठजींच्या उजव्या हाताकडं बोट दाखवायचं म्हणजे हातात काहीतरी पाहिजे.

पासवर्ड बदलला तरी माझं स्वतःचं एक साधं खातं बोर्डावर होतं, इतर मेंबरांसारखं. ते काढून टाकायचं दादाच्या लक्षात आलं नाही. त्या खात्यावरून मी कदमकाकांना खाजगी पत्र लिहिलं. त्यात काहीतरी खोटं घालायचं होतं, आणि ते असं पाहिजे होतं की त्यानं दुसऱ्या कोणाचं वाकडं होणार नाही, पण जे पोटात ठेवणं जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाला जमणार नाही. लग्न सोडून दुसरं काय सुचणार? लिहिलं, "काका, तुम्हाला म्हणून सांगते. माझं लग्न ठरलं आहे, पुढच्या महिन्यात आहे. घरच्यांना अजून बाहेर बोलायचं नाही, तेव्हा कृपा करून गुप्त ठेवा. सुजाता." इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. पाठवून दिलं आणि वाट बघत बसले की मोंढ्यातून बातमी कधी उलटी येते. शुक्रवार गेला, शनिवार गेला. काही नाही. कदमकाका दुकानासमोर दिसले, तर नुसते गालात हसले आणि गप्प. मला त्या गप्प बसण्याचाही संशय आला.

रविवारी सकाळी कदमकाकाच टेंपो घेऊन आले. शेठजींनी मशीन उचलून आणायला सांगितलं होतं. बिचाऱ्यांना लाज वाटत होती, ते कोणाकडं न बघता म्हणाले, "प्रशांत, मला पाठवलंय म्हणून आलो बाबा." दादानं वायरी काढायला घेतल्या. अण्णा पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हते. मायनं आत रसासाठी आंबे भिजत घातले होते, रविवार म्हणून. ते करायचं की नाही हे तिला कळेना, मधेच पाण्याचा आवाज यायचा आणि थांबायचा. मयत उचलायच्या आधी घरात असते तशी शांतता. त्यात दारात चपला वाजल्या.

"मास्तर हायेत का घरी?"

डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर गावरान आंब्यांची पाटी, मागं डोक्यावरचा पदर सावरत बायको आणि तिच्या हातात नारळ आणि खण. हसनाबादचे ज्ञानबा काकडे. कंपनीचे प्लॉट गावात तेच सांभाळायचे, बोर्डावरून डबा न्यायचे, आणि जीप घेऊन शेठजींकडं गेलेले पुढारीही तेच. दादाच्या हातातली वायर तशीच राहिली. काकड्यांनी पाटी उतरवली, घाम पुसला आणि अण्णांवर तुटून पडले.

"काय मास्तर! एवढी आनंदाची गोष्ट, आन् गावाला सांगावा न्हाई? आमी काय परके हावोत का? पोरीनं कळवलं म्हनून बरं. कुठली सोयरीक हाये?"

"कोणाची सोयरीक?" अण्णा.

"कोणाची म्हंजी? सुजाताबाईची! पुढल्या महिन्यात लगीन हाये ना?"

माय ओल्या हातानं बाहेर आली. तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मग पोटाकडं. एवढा विश्वास! दादा वायर धरून उभा. आणि कदमकाका लाल होऊन ओरडले, "मी न्हाई हं! आईशप्पथ सांगतो, मी कोणालाच बोललो न्हाई. बायकोलासुद्धा न्हाई!" त्यांना वाटलं, गुपित त्यांच्याकडून फुटल्याचा आळ आता त्यांच्यावर येणार. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. एवढा बोलघेवडा माणूस, एवढी पचायला जड बातमी, आणि तीन दिवस त्यानं ती गिळून ठेवली होती, मी गुप्त ठेवा म्हणाले म्हणून.

"काका," मी काकड्यांना विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की! पत्र न्हाई का धाडलं? डब्यात आल्तं. सूनबाईनं वाचून दाखवलं. गुप्त ठेवा म्हनून लिवलं व्हतं, म्हनून मी घरात आन् पारावरच्या चार मान्सायलाच सांगितलं, जास्त बोभाटा केला न्हाई."

"आणि प्लॉट हलवायचं?"

"तेबी डब्यातच. शेठजीचं पत्र व्हतं. आमाला वाटलं, एवढा मोठा मानूस आपल्याला इचारू राह्यला, मंग उत्तर द्याया पाहिजे का न्हाई? सूनबाईला ते टायपिंग काही धड येत न्हाई. मनलं, जीप करा, समक्ष जाऊन बोलू. तर शेठजी अंगावरच आले!"

"पत्रावर नाव कोणाचं असतं, काका?"

"माझंच. दुसऱ्याचं मी कशाला वाचीन? ज्ञानेश्वर विठ्ठलराव, आन् पुढं आडनाव निम्मंच असतंय. ते तुमचं मशीन खातंय, ठावं हाये आमाला. कशाला तक्रार करायची, मनलं, नवं हाये बिचारं."

मग कदमकाका हळूच म्हणाले, "ज्ञानेश्वर विठ्ठलराव तर मी." आणि ते होतेच. आमच्याकडं पूर्ण नाव मागितलं की माणूस सातबाऱ्यावरचं सांगतो, स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, वर राव जोडून. दोघांनीही दादाला तसंच दिलं होतं. एकाला सगळे कदमसाहेब म्हणायचे आणि दुसऱ्याला ज्ञानबा, त्यामुळं दोघांचं नाव आणि बापाचं नाव एकच आहे हे गावाला, बाजाराला, आम्हाला, कोणालाच कधी जाणवलं नाही. दादानं वायरी परत लावल्या आणि कागदावर इंग्रजीत नाव लिहून अक्षरं मोजली. मधल्या जागा धरून पंचवीस भरतात ती बरोबर आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर, आणि कदम काय नि काकडे काय, दोघांचीही ती दोन अक्षरं सारखीच. बोर्ड पूर्ण नाव बघायचा, म्हणून बोर्डावर तपासलं की सगळं चोख. डबा भरणारा तेवढ्या पंचवीस अक्षरांवर माणूस ओळखायचा, आणि कदमांचं प्रत्येक खाजगी पत्र काकड्यांच्या डब्यात इमानदारीनं भरत होता. कोणी काही फोडलं नव्हतं. दादानं दोन्ही तऱ्हेनं पत्र काढून कदमकाकांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग टेंपोवाल्याला म्हणाले, "जा रे बाबा तू."

काकड्यांना यातलं अर्धंमुर्धं कळलं. त्यांना एवढंच समजलं की लग्न खोटं आहे, आणि ते खरोखर हिरमुसले. "मंग हे आंबे?" म्हणाले. मायनं त्यांना जाऊ दिलं नाही, त्यांच्याच आंब्यांचा रस केला, गच्चीवरच्या कुरडया तळल्या. अण्णांच्या लहानपणी काकड्यांच्या ओसरीवर आमच्या माणसाला ओंजळीत वरून पाणी मिळायचं. त्या दिवशी काकडे आमच्या चटईवर अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसले आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. अण्णा त्यांना वाढत होते, पण सावधच होते. मीही कोपऱ्यात उभी राहून बघत होते की हे सगळं खरंच आहे ना. तशातच काकडे बोटं चाटत मला म्हणाले, "मला वाटलं, गावची लेक हाये, हक्कानं आपल्याला पयले कळवलं." त्या सगळ्या प्रकरणात माझ्यावर एकदाही संशय न घेतलेला माणूस तेवढा एकच, आणि गुपित गेलं होतं तेही त्याच्याचकडं. मी त्यांच्या ताटात आणखी एक कुरडई वाढली.

शेठजी नुसतं "मशीन है, चलता है" म्हणाले. आमच्या घरी येऊन कोणी माफी मागितली नाही, 'ह्या लोकांच्या' हे शब्दही कोणी परत घेतले नाहीत. दादाची नोकरी राहिली. त्यानं सगळ्यांची नावं आखूड केली, नावाचं एक अक्षर आणि पूर्ण आडनाव, म्हणजे कापलं जाण्याइतकं काही उरायचंच नाही. मग एका संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "नवा पासवर्ड सांगतो. लिहून घे."

"नको," मी म्हटलं. "उद्या परत काही फुटलं तर?"

तो तसाच मागं वळला आणि गेला. त्यानंतर मी बोर्डावर मालकीण म्हणून कधी बसले नाही. लाइट गेली की तो घरी येईस्तोवर भूत गप्प. माय चिडायची, मी ऐकून घ्यायची. साधं खातं तेवढं ठेवलं, आणि ते का ठेवलं तेही सांगते. नावं आखूड झाल्यावर काही दिवसांनी काकड्यांचा फोन आला, साधा, बोलायचा. "पोरी, आमचं काही चुकलं का? सूचना सोडल्या तर डबा रिकामाच येऊ राह्यला. शेठजीबी लिवत न्हाई, कोन्हीच लिवत न्हाई. सूनबाई रोज लावती आन् रोज ठिवून देती." मी त्यांना तिकडचं पाऊसपाणी विचारलं, आणि मग दर आठवड्याला त्यांच्या नावानं एक पत्र टाकत गेले, मायनं काय केलं, अण्णा काय म्हणाले, कुरडया कोणत्या कावळ्यानं नेल्या. बोर्ड बंद पडेपर्यंत टाकत होते. माझं खरं लग्न ठरलं तेव्हा ते त्यांनाच आधी कळवलं. लग्नाला आले, आणि मांडवात सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या टायमाला पक्कं ना?"

दादाचं आणि माझं भांडण असं कधी झालंच नाही. राख्या झाल्या, बारशी झाली, माय गेली, अण्णा गेले. फक्त त्या पासवर्डाचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. मागच्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी त्याला आत न्यायच्या आधी आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो, वहिनी, त्याची दोन्ही मुलं आणि मी. नर्सनं घड्याळ, अंगठी काढायला सांगितली. त्यानं वहिनीच्या हातात घड्याळ दिलं, मुलाच्या हातात अंगठी दिली, आणि उशाखालचा फोन काढून माझ्या हातात दिला. "ह्याच्यात सगळं हाय. बँक, विमा, सगळं. हा उघडायचा नंबर कोणालाच ठाऊक न्हाई." वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "मला कशाला? तुझी माणसं आहेत की इथं." त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"सुजे," तो म्हणाला, "लिहून घे."

मी त्याच्याकडं बघितलं. सवयीप्रमाणं बघितलं, नीट, संशयानं, की हा ऑपरेशनला घाबरून बोलतोय की खरंच बोलतोय. त्यानं नजर हटवली नाही. मी पर्समधून पेन काढलं.